उंदराच्या दातांचा जपानी

गोळीबार चौकात जागेश्वर पराते कुठे राहतात असं विचारलं, तर लोक उलट विचारायचे, "कोणता जागेश्वर? जपानी का?"

जागेश्वरभाऊंमध्ये जपानी काहीच नव्हतं. उंच, काळे, मागावर बसून बसून खांद्यात वाकलेले, आणि बोलणं असं की जपानचं सोडा, पुण्याच्या माणसालाही निम्मं कळू नये. पण नागपुरात कुठेही जुना साइड ड्रम विकायला निघाला की तो जपानी की विलायती, हे सांगायला त्यांना बोलावत. न बोलावताही ते जायचेच.

साइड ड्रम म्हणजे वरातीच्या बँडमध्ये कमरेला लटकवून वाजवतात तो. खालच्या कातड्याला बारीक तारा लागलेल्या असतात, म्हणून तो धप्प न वाजता चर्रर्र वाजतो. जागेश्वरभाऊ कोष्टी. मागावर भागेना तेव्हा ते बँडात शिरले आणि लाल कोट घालून दुसऱ्यांच्या लग्नात उन्हात घाम गाळू लागले. घरातला माग मी पाहिला तेव्हा त्याच्यावर अंथरुणांच्या वळकट्या होत्या.

मी उमरेडच्या शाळेतून शिकून कोराडीच्या वीजकेंद्रात कारकून झालो आणि एकोणऐंशी साली त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायला आलो. संध्याकाळी बसमधून उतरलो की कॉलरवर राख असायची. जागेश्वरभाऊंची बायको रुख्माबाई दारातच अडवायच्या. "आंधी झटक, मंग आत ये. राख आमच्या चुलीतबी आहे, तिकडून आणाले नको लागत."

रविवारी जागेश्वरभाऊ मला सायकलवर डबलसीट घेऊन निघायचे. कधी मोमिनपुरा, कधी कामठी, कधी सदर. मला नेण्याचं कारण माझी संगीताची जाण नव्हे. दुकानदार पँटवाल्याला आधी बसायला सांगतो, एवढंच.

"बिल्ला पाहू नको," ते शिकवायचे. "बिल्ल्यावर नाव इंग्रजी राह्यते. घेणारा म्हणन ते नाव जपानी कारखानावाला ठोकून देते. तू लाकूड पाह्य. आतून कसं आहे? हलकं, लालसर, पातळ पातळ थर. अन् हे स्क्रू. विलायती चावी याले लागत नाही, घसरते."

"आणि हा चमकीचा पत्रा?"

"तो नवरीच्या बांगड्यासारखा. सगळ्याइच्या हातात सारखाच."

मग ते खिशातून चावी काढायचे, एक स्क्रू इकडचा, एक समोरचा, असे आळीपाळीने ढिले करायचे आणि वरचं कडं उचलून आतल्या लाकडाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. हळूहळू, पूर्ण गोल. दुकानदार वैतागायचा. अंगठा परत जिथल्या तिथे आला की म्हणायचे, "जपानी आहे. पण नाही." कडं बसवायचे, स्क्रू कसायचे आणि सायकलकडे जायचे.

"जपानी आहे तर नाही काय?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या हापिसात लोकं लय बोलतात का गा?" असं म्हणून ते पेडल मारू लागले.

'नाही' म्हणजे काय, ते मला रुख्माबाईंनी सांगितलं. त्या गांधीबागेतल्या एका व्यापाऱ्यासाठी कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायच्या. चरख्यावर हात चालू, तोंड चालू.

ड्रम त्यांच्या घरात एक होता. अजनीच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन गार्ड ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्याने तो दोन रेशीमकाठी लुगड्यांवर जागेश्वरभाऊंना दिला. त्याच्या मॅडमने लुगड्यांचे पडदे शिवले म्हणे. लाल चमकीचा, जपानी. बँडातले बाकीचे तो विलायती म्हणून मिरवायचे आणि भाऊ तो जपानी म्हणून भांडायचे.

त्याच वर्षी पावसाळ्यात ड्रमचं कातडं सादळून ढिलं पडलं. बँडवाला माणूस अशा वेळी शेकोटी करतो. भाऊ पडले कोष्टी. सूत ढिलं पडलं की त्याला पिठाची खळ लावतात आणि सूत कडक होतं, हे त्यांना आईच्या पोटातून माहीत. त्यांनी कुंचल्याने कातड्याला छान खळ लावली आणि ड्रम वाळत ठेवला. सकाळी उठून पाहतात तर उंदरांनी कातडं तर खाल्लंच, वर पीठ झिरपलेली लाकडाची कडही कुरतडलेली.

"केशव इतका हासला, इतका हासला," रुख्माबाई म्हणाल्या. "म्हणे, बाबा, आता याच्यावर पातळ विणा."

केशव त्यांचा एकुलता एक. डावखुरा. त्याने कड घासून सारखी केली, पण दातांचे खड्डे राहिलेच. नवं कातडं चढवलं आणि तारा ज्या दोरीने बांधतात ती दोरी आईकडून शिकलेल्या कोष्ट्याच्या गाठीने बांधली. डाव्या हातामुळे ती गाठ उलटी पडायची. त्यानंतर तो ड्रम त्याचाच झाला. तो बापापेक्षा चांगला वाजवायचा, आणि हे बापाला चौकातल्या पानवाल्यानेही सांगितलं. तिथून बिनसलं.

केशवला ऑर्केस्ट्रात जायचं होतं, गावोगाव फिरणाऱ्या. भाऊ म्हणाले, जायचं तर जा, ड्रम बँडाचा आहे. मी राहायला येण्याआधीच्या एका सकाळी केशव नव्हता आणि ड्रमही नव्हता. त्या दिवशी वरात होती. भाऊ लाल कोट घालून रिकाम्या हाताने चौकात उभे राहिले, बँडातली माणसं हसली, आणि तेव्हा ते सगळ्यांसमोर ओरडले, "ड्रम घरी आल्याशिवाय त्यानं मले तोंड दाखवू नये!"

"बोलून गेला माणूस," रुख्माबाई म्हणाल्या. "पोराच्या कानावर गेलं. पोरगाबी याचाच. नाही आला."

"म्हणून ड्रम शोधतात?"

"पोरानं इकून-फिकून टाकला असन तं तो कसा येईन? ड्रम घरी पाह्यजे. ड्रम आला का त्याचा रस्ता मोकळा." चरखा थांबला नाही. "तोंडातून गेलेलं माघारी घेता येत नाही त्याले. ड्रम आनता येते."

मला हसू आलं होतं. असा हट्टी बाप उमरेडात असता तर आम्ही त्याच्यावर नाटुकलं बसवलं असतं. पण पुढच्या रविवारी अंगठा कडेवरून फिरताना पाहिला तेव्हा काही हसू आलं नाही.

लग्नसराई संपता संपता सदरच्या गुलाबचंदचा निरोप आला. त्याचं जुन्या वाद्यांचं दुकान. तुटके बाजे, बिनतारांच्या सतारी, आणि मधोमध स्वतः गुलाबचंद, चहा पीत.

"पराते, आ गये? आज पूरा लॉट आया है. एक जपानी आहे. खोलायचा असेल तर खोल, पण बंद तूच करायचा."

लाल चमकी एका बाजूने खरवडून गेली होती. खाली स्टँड, त्याचा एक पाय पोचलेला. हा ड्रम कमरेला न लटकवता स्टँडवर ठेवून वाजवायचं कोणीतरी, म्हणजे ऑर्केस्ट्रावाल्याचा. भाऊंनी स्टँड बाजूला केला. चावी लावली. इकडचा एक, समोरचा एक. कडं उचललं. अंगठा निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला.

मी वाकून पाहिलं. लाकडाच्या कडेवर शेजारी शेजारी बारीक खड्डे होते, घासून गुळगुळीत झालेले.

भाऊंच्या तोंडावर काय आलं ते मी आजवर कोणाला सांगू शकलो नाही. वरात परतताना नवरीच्या बापाचा चेहरा असतो तसा, पण आनंदी. ते गुलाबचंदकडे वळले. "कोन इकला हा? पोरगा होता का? डावखुरा?"

"पोरगा नाही रे. ऑर्केस्ट्राचा मालक. रायपूर रोडवर, देवरीच्या पुढे, त्यांची गाडी पलटली ना होळीच्या आधी. धंदाच बंद केला बिचाऱ्याने, सगळं सामान देऊन टाकलं."

"अन् वाजवनारा?"

"ड्रमवाला तो वहीं गया. जागेवरच." गुलाबचंदने बशीत चहा ओतला. "घरचं कोणी आलं नाही म्हणे. घर कुठलं तेच कोणाला माहीत नव्हतं."

दुकानात कोणीतरी पेटी वाजवून पाहत होतं. एकच सूर, पुन्हा पुन्हा.

भाऊंनी ड्रम उलटा केला. मला वाटलं, अजून वाट आहे. केशवने तो कधीचाच विकलाही असेल, वाजवणारा दुसराच कोणी असेल. भाऊंनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी सरळ तारांची दोरी धरली. दोरी नायलॉनची होती, नवी, पांढरी, अजून मळलीसुद्धा नव्हती. तिची गाठ कोष्ट्याची होती. उलटी.

त्यांनी गाठीवर बोट ठेवलं आणि काढलं. मग ड्रम सरळ केला, कडं बसवलं, इकडचा एक, समोरचा एक असे सगळे स्क्रू कसले. एकही ढिला ठेवला नाही. बाहीने चमकीवरची धूळ पुसली.

"मग? हाच ना?" गुलाबचंद म्हणाला. "घेऊन जा. तुला काय भाव सांगू आता."

"जपानी आहे," जागेश्वरभाऊ म्हणाले. "पण नाही."

सायकल त्यांनी हातात धरून चालवली, सदरपासून गोळीबार चौकापर्यंत. मी बाजूने. काही विचारावं असं मला चारदा वाटलं आणि चारही वेळा कोळशाचा ट्रक आडवा आला, असं म्हणूया.

रुख्माबाई दारात कांड्या वाळवत होत्या. "भेटला का वो?"

"नाही वं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून रे बाबू? जपानी होता म्हने ना?"

जागेश्वरभाऊ माझ्याकडे पाहत नव्हते. सायकलची साखळी निघालेली नसताना ती बसवत होते.

"जपानी होता," मी म्हणालो. "पण नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कांड्या उलट्या करू लागल्या. "भेटन. ड्रम का मेला थोडी राह्यते, फिरतच राह्यते. आज नाही तं उद्या येईन." मग आत जाताना वळून मला म्हणाल्या, "राख झटकली नाही आज?"

रविवार होता. मी कोराडीला गेलोच नव्हतो. तरी मी कॉलर झटकली.

तो ड्रम गुलाबचंदच्या दुकानात पाऊस लागेपर्यंत होता. मग भंडाऱ्याच्या एका बँडवाल्याने नेला.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर जागेश्वरभाऊ माझ्या दारात आले. सायकल पुसलेली होती. रुख्माबाई मागून पाहत होत्या, म्हणून ते जरा मोठ्यानेच बोलले.

"चाल गा बाबू. कामठीले एक जपानी आला म्हनते."

मी पँट चढवली. चावी त्यांच्या खिशात होती.