वानखेडे काकांच्या गॅरेजचं शटर

"काका, त्या क्लॅम्पला हात लावू नका!"

मी गेटमधूनच ओरडले. वानखेडे काका गॅरेजच्या दारात शिडीवर उभे होते. अंगात बनियन, चष्मा कपाळावर, हातात भलामोठा पाइप पाना. खाली काकू शिडी धरून उभ्या. मला फोन त्यांनीच केला होता. "पोरी, तुझे काका शटर खोलून राहिले, लवकर ये." मी चौबे कॉलनीतच एका साइटवर होते म्हणून वेळेत पोचले.

माझा धंदा रोलिंग शटरचा, म्हणजे वर गुंडाळलं जाणारं लोखंडी दार. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि बीरगांवचं बाबांचं वर्कशॉप आता मी चालवते. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि आमच्या धंद्याला बरकत आली. कुणी घरापुढे दुकान काढलं, कुणी गाडी घेऊन गॅरेज बांधलं. काकांनी गाडी घेतली. शटर बाबांनी बसवून दिलं. दोघं मूळचे वर्धेकडचे, त्यामुळे त्या घरात मी अर्धी लेकच.

काका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झाले. तेव्हापासून घरातली एकही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटलेली नाही. कुकर, पंखा, नळ, सगळं एकदा तरी खोलून झालंय. मिक्सर त्यांनी दुरुस्त केल्यापासून उलटा फिरतो, असं काकू सांगतात. काका म्हणतात, चटणी तर होते ना.

"काहून ओरडून राहिली वं?" काका वरूनच म्हणाले. "एक स्प्रिंग तुटली, बस. बदलतो अन् मोकळा होतो."

"माझा फिटर बोलावते ना. तासाभरात काम होईल."

"संध्याकाळच्या गाडीनं जावई येऊन राहिले. गाडी आत अडकली. जावयाले काय ऑटोत आणू?"

"आणा की," काकू खालून म्हणाल्या. "जावई काय मिठाचा आहे विरघळाले?"

मी जवळ जाऊन पाहिलं. काकांनी अर्धवट उचललेल्या शटरखाली जॅक लावला होता, त्यावर लाकडाचे ठोकळे रचले होते. काम इतकं नेटकं की बघत राहावं. आणि विचार मुळातच चुकलेला.

इथे थोडं समजावून सांगते. शटर एवढं जड असून एका हाताने वर जातं, कारण वरच्या आडव्या पाइपवर गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. घड्याळाला चावी देतात तशी त्यांना बसवतानाच पीळ देऊन ठेवतात. शटर खाली ओढलं की पीळ आणखी वाढतो. तो सगळा पीळ पाइपवर येतो, आणि पाइपला फिरू देत नाहीत ते टोकाचे दोन क्लॅम्प. क्लॅम्प ढिला केला की पाइप गर्रकन फिरतो. त्याला लावलेला पानाही फिरतो. पान्यासमोर कोण उभं आहे, ते पाना बघत नाही.

"काका, बाकीच्या स्प्रिंगांमध्ये जोर आहे अजून."

"कुठला जोर? सारं वजन जॅकवर घेतलं मी. वजन काढलं की स्प्रिंग मेली. जिंदगीभर हेच केलं ना."

वॅगनच्या स्प्रिंगचं हे अगदी खरं आहे. ती वजनाखाली दबलेली असते, वजन उचललं की सुटते. शटरची स्प्रिंग दबलेली नसते, पिळलेली असते. वजन कितीही उचला, पीळ जागच्या जागी. ही चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. इतका विचार करून चुकायला वॅगनवालाच पाहिजे.

मी हे सांगितलं. काकांनी ऐकलं, मान डोलावली आणि पाना परत क्लॅम्पवर ठेवला. काकूंचा आवाज चढला. "अहो, मले शटर नाही पाह्यजे! तुमचे हात पाह्यजे!"

"हातांले काय होते?"

आता भांडून उपयोग नव्हता. जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांना शिकवलं, त्याला आपल्याच घरी, बायकोसमोर, डोळ्यांदेखत वाढलेल्या पोरीने चूक म्हणावं, हे त्याला गिळवत नाही. मलाही ते जिवावर आलं होतं. मी विषय बदलला.

"काका, वॅगनच्या खाली माणूस गेला की तुमच्याकडे काय करायचे?"

"लाल झेंडी लावायचो. दुसरं काय?"

"कोण लावायचं?"

"ज्याच्या जिवाले धोका, त्याची झेंडी. ज्यानं लावली त्यानंच काढायची. मोठे साहेब आले तरी दुसऱ्यानं हात नाही लावायचा. झेंडीबिगर कामाले हात लावला तर मी माणसाले घरी पाठवत होतो."

"मग इथली झेंडी कुठे आहे?"

काकांचा पाना क्लॅम्पवरच थांबला. काकूंनी शिडी माझ्या हाती दिली आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या ओटीतला लाल ब्लाउजपीस घेऊन. मी तो जॅकला बांधला.

"ही माझी झेंडी," मी म्हटलं. "आता खाली उतरा."

काकांनी ब्लाउजपीसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाना खिळ्याला अडकवला आणि एकेक पायरी खाली आले. "नियम म्हणजे नियम," एवढंच म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच त्यांच्या पाया पडले असते.

तासाभरात माझा फिटर साहू भैया मदतनीस घेऊन आला. मी म्हटलं, "भैया, पाने की तरफ कोई खड़ा नहीं रहेगा." "हव दीदी," तो म्हणाला. ती बाजू रिकामी करून, शटर दोराने बांधून, पाइपला पाना लावून त्याने क्लॅम्प थोडासाच ढिला केला. पाइप फिरला आणि पान्याचा दांडा भिंतीवर असा आदळला की प्लास्टरचा पोपडा खाली आला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

हे असं होणार, हे आम्हाला ठाऊकच होतं. काकांना नव्हतं. ते भिंतीवरच्या त्या खड्ड्याकडे बघत राहिले. मघाशी शिडी तिथेच होती, आणि खड्डा बरोबर त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर पडला होता. काकूंनी पाणी आणून दिलं. ते त्यांनी एका दमात प्यायलं.

स्प्रिंग बदलून झाली. मी झेंडीचं विसरूनच गेले होते. काकांनी हाक मारली. "तुझी झेंडी आहे, तूच काढ." मी काढली, तेव्हा कुठे ते गाडीत बसले. जावई ऑटोत आले नाहीत.

पुढे संक्रांतीला काकूंकडे हळदीकुंकवाला गेले. गिझरच्या बटणाला लाल ब्लाउजपीसची पट्टी बांधलेली. मिक्सरला एक. टीव्हीच्या मागच्या बाजूलाही एक. काका खुर्चीत पेपर वाचत बसले होते, स्क्रू खोलायचा पेचकस बाजूच्या स्टुलावर.

"काका, गिझर बिघडला का?"

"परवापासून पाणी गरम होऊन नाही राहिलं. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग?"

"तुझ्या काकूची झेंडी आहे," काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "मी कसा काढू?"

स्वयंपाकघरातून काकू एवढंच म्हणाल्या, "मेस्त्री सोमवारी येते."

लोक मला विचारतात, शटरचं कुठलं काम घरी करावं. शटर ज्यातून सरकतं त्या बाजूच्या चॅनलमधली धूळ काढा, ग्रीस लावा, कुलूप बदला. स्प्रिंग आणि क्लॅम्प आमच्यावर सोडा. आणि घरात एक लाल कापड असू द्या. फक्त ते बांधायचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्याकडे देऊ नका.