सफरचंदांचा हंगाम आणि माझं नाक

नाशिकरोडच्या फलाटावर आई माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या नवऱ्याची, मंदारची, दिल्लीला बदली झाली होती आणि दिंडोरीजवळच्या वायनरीतली नोकरी सोडून मी त्याच्यासोबत निघाले होते. गाडी हलता हलता ती एवढंच म्हणाली, "बदली त्याची झाली, मग नोकरी तुझी का गेली?" तुमच्यापैकी ज्या अशाच निघाल्या, त्यांना याचं उत्तर सापडलं असेल तर मला कळवा.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन वर्षं मी मंदारचे आणि आमच्या लहानग्या चिनूचे डबे भरले. मग दिल्लीबाहेर, हरियाणातल्या सोहना गावाच्या पुढे सफरचंदाची वाईन करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. नाशिकला द्राक्षं थंडी सरताना येतात. इथली सगळी धांदल सप्टेंबर-ऑक्टोबरात, हिमाचलचे ट्रक आले की. सकाळी क्रेट उतरवायचे, सडकी फळं वेचून काढायची, बाकीची धुऊन यंत्रात चिरडायची, रस टाक्यांत भरायचा. मग दिवसभर एकेका टाकीपाशी जाऊन साखर किती उतरली ते मोजायचं आणि वास घ्यायचा. संध्याकाळी गमबूट घालून फरशी धुवायची. पाठीचा पार भुगा व्हायचा, पण मी खूश होते. यीस्टचं बिनसलं की टाकीला सडक्या अंड्यांसारखी बारीक घाण सुटते; ती सगळ्यांच्या आधी मला कळायची. मालक म्हणायचे, "मॅडम, आप बस सूंघ के बता दीजिए." आईही म्हणायचीच, "दूध उतू जायच्या आधी हिला वास लागतो."

दिल्लीचा धूर नेमका याच हंगामात उतरतो. कामाच्या पहिल्या वर्षी नुसत्या शिंका. पुढच्या वर्षी सायनस. मग डॉक्टर म्हणाले, "बिल्कुल ठीक हो जाएगा, बस दिल्ली छोड़ दीजिए." मंदारला सांगितलं, तर तो म्हणाला, "यार, पुढच्या पोस्टिंगपर्यंत थांब ना. चिनूची शाळा आहे." आम्ही थांबलो.

त्या ऑक्टोबरात मालकांनी माझ्यापुढे दोन ग्लास ठेवले. मी दोन्ही हुंगले. "दोनों ठीक हैं," म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. एका ग्लासातल्या वाईनचा चक्क आंबट शिरका, व्हिनेगर झाला होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसात बसून लेबलं तपासते. टाक्यांपाशी आता एक नवी मुलगी जाते.

चिनूला "दरवळ" हा शब्द ठाऊक नाही. मी समजावायच्या भानगडीत पडले नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेरावं झाल्यावर ताईने कपाटातून आईची साडी काढली. "मुद्दाम धुतली नाही. तुझ्यासाठी ठेवली. तुलाच कळेल."

मी साडीत तोंड खुपसलं. कापड मऊ होतं. बाकी काहीच नव्हतं.

"येतोय ना गं आईचा वास?" ताईने विचारलं.

"हो."

"कसा? सांग ना. मला नीट आठवतसुद्धा नाही आता."

मी सांगत गेले. खोबरेल तेलाचा. हळदीचा. कोथिंबीर निवडून पदराला पुसलेल्या हातांचा. ताई रडायला लागली. "अगदी असाच," म्हणाली. मी मान वर केली नाही.

घर म्हणजे आता माझ्याकडे एवढंच उरलंय, तोंडपाठ. ते अजून खरं आहे का, हे मला कधीच कळणार नाही.