आई, अनाता आणि मोरेसाहेब

जुनी जपानी पॉप गाणी मला फार कळतात, असा ऑफिसात माझा लौकिक आहे. आवडतात एवढं खरं. कळतात हे लोकांनी परस्पर ठरवलं आणि मी नाही म्हटलं नाही, इतकंच. (माझं जपानी स्टेशनवर सुरू होतं आणि दुकानात 'पिशवी नको' म्हणेपर्यंत संपतं.)

आमचे साहेब मोरीसान घरी जुन्या रेकॉर्डी ऐकायची बैठक भरवतात. दर वेळी एकजण आपल्या आवडत्या गाण्यावर बोलतो. मी नुसताच मान डोलावणाऱ्यांत. एकदा तरी आपल्याला बोलायला मिळावं म्हणून माझा जीव वरखाली होत होता. शेवटी मोरीसान म्हणाले, "रविवारी तुमच्याकडे येतो. तुमचं आवडतं गाणं ऐकतो, मग ठरवू."

त्याच सुमारास साताऱ्याहून आई आमच्याकडे, इथे जपानात ग्योतोकुला, राहायला आली. पहिल्याच संध्याकाळी मी लाडकी रेकॉर्ड लावली. गाणारी बाई व्याकूळ होऊन "आऽऽई" म्हणाली आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय रे?"

"तुला नाही गं. गाणं आहे."

आई हात पुसत बाहेर आली. बाईने पुन्हा "आऽऽई" केलं, मग "अनाता, अनाता" म्हणत हुंदका दिला.

"अनाथ आहे का रे पोर?"

'माहीत नाही' हे खरं उत्तर होतं. पण जाणकाराच्या तोंडून ते निघेना. "तसंच काहीसं," मी म्हणालो.

झालं. मी ऑफिसातून आलो की आई मेथीची जुडी घेऊन बसे, म्हणे, "लाव त्या पोरीला," आणि पदर डोळ्यांना लावी. माझी बायको केतकी इथल्याच एका कंपनीत आहे, तिचं जपानी अस्खलित. पण ती घरी येईपर्यंत रडणं आणि मेथी, दोन्ही आटोपलेलं असे.

रविवारी मोरीसान आले. आईची वेगळीच अडचण होती. "चांगल्या माणसाला मोरी कसं म्हणू? मोरीत भांडी घासतात." तिने त्यांचं नाव मोरेसाहेब करून टाकलं. पुरणपोळी झाली, रेकॉर्ड लागली, 'आऽऽई' आलं आणि आईने पदर डोळ्यांना लावला.

मोरीसान थक्क. त्यांनी केतकीला जपानीत काहीतरी विचारलं.

"आई, ते विचारताहेत, तुम्हाला या गाण्यात एवढं काय भिडलं?"

"सांग मोरेसाहेबांना, अनाथ पोर इतक्या मायेने आईला हाक मारतेय, कोणाला रडू येणार नाही?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"आई, जपानीत 'आई' म्हणजे प्रेम. आणि 'अनाता' म्हणजे आपलं 'अहो'."

"म्हणजे नवऱ्याला हाक मारतेय?"

"हो. पण दुसरीच्या."

आईने पदर सोडला. "अरे, तू तर अनाथ म्हणालास."

मोरीसानांनी पुन्हा काहीतरी विचारलं. केतकीने सगळं सांगितलं, अगदी माझ्या 'तसंच काहीसं'सकट. तिचं भाषांतर फारच चोख असतं. माझी बैठक बुडाली हे मला जपानी न येताही कळलं.

मोरीसान उठले. सुई उचलून त्यांनी गाणं पहिल्यापासून लावलं आणि डोळे मिटून संपेपर्यंत ऐकलं. मग केतकीशी हळू आवाजात बोलले.

"आई, ते म्हणतात, तरुणपणापासून हे गाणं ऐकतोय. पण ऐकताना स्वतःची आई आज पहिल्यांदा आठवली. पुढच्या बैठकीत तुम्ही बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. मी भाषांतर करायचं."

"बोलेन की," आई म्हणाली. "त्यांना अजून एक पोळी वाढ."

जाताना मोरीसान दारात थांबले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. "तुम्हीसुद्धा नक्की या. तुम्ही मान फार छान डोलावता."

मी मान डोलावली.