गाळणकागदावर काही उरलं नाही

"न दिसणाऱ्या गोष्टींपुढे माणसानं नम्र असावं," असं आमचे सर म्हणत आणि लगेच माझ्या टेबलावरून बोट फिरवून ते खिडकीच्या उजेडात धरत. धुळ्याच्या कॉलेजात आम्ही दोघं रसायनशास्त्र शिकवायचो. बोटावर धूळ निघाली की ते माझ्याकडे बघत. "ही दिसली. हिची काळजी नाही."

नव्वदच्या सुमारास पारोळ्याच्या बाजूला एका शेठजींनी रंगात घालायची पांढरी पूड बनवण्याचा कारखाना काढला. पूड इतकी बारीक की चिमटीत धरली तरी काही धरल्यासारखं वाटेना. धुवणाचं पाणी नाल्यात जाई आणि नाल्याला लागून गावाची विहीर. पाणी तपासायला समिती नेमली, तिच्यात सर होते. समितीनं पाणी गाळणकागदातून गाळलं, कागद कोरा राहिला, आणि अध्यक्षांनी 'निर्दोष' असा शेरा लिहून चहा मागवला.

सर सही करीनात. चाळणीतून गहू खाली पडले म्हणजे गहू नव्हतेच, असं कसं म्हणायचं? गाळलेलं पाणी त्यांनी उजेडात धरलं. अजून किंचित दुधाळ होतं. मग 'घातक' लिहा, अध्यक्ष वैतागून म्हणाले. तेही सर लिहीनात. पिंजऱ्यातल्या वाघाशेजारी झोप लागते, मोकळ्या शेळीपायी शेतात जागावं लागतं; ही पूड वाघ की शेळी आणि ती जाते कुठवर, दोन्ही ठाऊक नाही, हे त्यांचं म्हणणं.

म्हणून त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीत दोन बरण्यांत मासे ठेवले. एकीत नाल्याचं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींतले मासे मेले. आमचे शिपाई नाना दया येऊन त्यांना रोज शेव घालत होते.

एके दिवशी त्या गावचे आबा थेट कॉलेजात आले.

"सर, पानी पेवानं का नई, इतलंच सांगा."

"माहीत नाही, आबा."

"इतलं शिकीसन?"

"शिकलो म्हणूनच. कळेपर्यंत वरच्या विहिरीचं प्या."

वरची विहीर चांगली लांब होती. जाताना आबा मला म्हणाले, "मानूस खरा शे."

शेवटी सरांनी शेठजींनाच गाठलं. शेठजींच्या घरी पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय कोणी पीत नसे. डोळ्यांना न दिसणारा जीवही मरू नये म्हणून. सर म्हणाले, "न दिसणारं असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार?" शेठजींनी शब्द दिला, धुवणाचं पाणी गाळल्याशिवाय नाल्यात सोडणार नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या टेबलावर धूळ साचते, ती दिसते. आबांच्या गावातल्या बाया अजून वरच्या विहिरीवर जातात. खालच्या विहिरीचं त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही.

शेठजींनी शब्द पाळला. नाल्यात उघडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं असतं. दर दिवाळीला नवं.