ओरिन हॅल्डेनचे मधले महिने

आमच्या गावात लोकांचे कराचे फॉर्म भरून देणारी व्हर्ना केटलसन म्हणजे फटकळ बाई. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचे, त्यामुळे रोज ऐकून घ्यायचे. नदीच्या अलीकडे आयोवा, पलीकडे इलिनॉय, मध्ये एक पूल. वर्षाच्या मध्येच बिऱ्हाड हलवणारे पुष्कळ. त्यांना दोन्ही राज्यांत कर भरावा लागतो. व्हर्नाचे प्रश्न ठरलेले: तिकडून कधी निघालात, इकडे कधी पोचलात?

त्या मार्चमध्ये, पूर्वी पलीकडच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा ओरिन हॅल्डेन बायकोला घेऊन आला.

"जूनमध्ये निघालो, त्याच दिवशी पोचलो," तो म्हणाला. "पूल तर ओलांडायचा!"

"काहीतरीच काय!" बायको म्हणाली. "मी सामानाबरोबर पुढे आले. हा मागून निघाला, तो उगवला ऑक्टोबरात. मी दारात हॅलोविनचा भोपळा कोरत बसले होते."

"मग मधले महिने होतास कुठे, बाबा?" व्हर्ना खेकसली. "दोन्ही राज्यं मला विचारतील!"

"पुलावरच," ओरिन म्हणाला.

व्हर्नाने चष्मा काढला. पण सवय जाते थोडीच! "तिथे काही कमाई?"

त्याने तळवे वर करून हात टेबलावर ठेवले. फावडं मारणाऱ्याचे असावेत तसे घट्टे.

"काम केलेलं दिसतंय. कुणाकडे, ते आठवत नाही."

"ऑक्टोबरपासून आजच काय तो घराबाहेर पडलाय," बायको पुटपुटली.

मी वाकून पाहिलं. घट्ट्यांमधले फोड अजून ओले होते, आणि त्यांत ताजी माती होती.