तंबूतलं धुराडं

आत्याचा अर्धा जन्म तंबू शिवण्यात गेला होता. उजव्या तळव्याला चामड्याची पट्टी, हातात दाभण आणि ओठांवर टोमणा तयार. कारखान्यातले सगळे तिला आत्याच म्हणत, पण सख्खा भाचा एकच. तो डोंगरात रस्त्याच्या कामावर मुकादम होता, आणि बायकोला नि तान्ह्या लेकीला घेऊन तिथेच तंबूत राहत होता. नवे तंबू घेऊन ट्रक वर निघाला, तशी आत्या ड्रायव्हरशेजारी चढून बसली.

भरदुपारी ती पोचली तेव्हा बर्फाचा भुगा आडवा उडत होता. तिला आणि इथले नवे तंबू उतरवून ट्रक पुढच्या ठाण्याकडे निघून गेला.

तंबूत शिरताच करपल्याचा वास आला. लोखंडी शेगडी धगधगत होती. तिचं पत्र्याचं धुराडं सरळ छताच्या कापडातून बाहेर काढलेलं, भोवती पोतं गुंडाळलेलं. ओलं करून बांधलेलं ते पोतं केव्हाच वाळून कडकडीत झालं होतं. आत्याने ते सारलं. मागचं कापड तपकिरी पडलेलं. बोट लावताच त्याचा भुगा झाला.

"हे डोकं कोणाचं?"

"माझं," भाचा म्हणाला. "इतके दिवस काही झालं का?"

"झालं असतं तर सांगायला तू उरला नसतास. विझव ती शेगडी."

"आत्या, बाहेर हाडं गोठतायत! बाकी एकाही तंबूत शेगडी नाही. लेकरू कुठे ठेवू?"

"लेकरू आहे म्हणूनच म्हणते."

कोपऱ्यात भाचेसून कपाळ दाबत बसली होती.

"डोकं दुखतंय का गं?"

"सकाळपासून ठणकतंय, आत्याबाई. जागरणाचं असेल."

न दिसणारा धूरही जीव घेतो, हे तिने ऐकलं होतं. तिने दाराचा पडदा सपकन वर केला, मायलेकींना दाराशी बसवलं आणि नव्या तंबूच्या जाड कापडात, सगळ्या पांघरुणांसकट, गुंडाळलं. भाच्याने निखारे बादलीत काढून बाहेर बर्फात ओतले.

मग आत्याने जळकं कापड ऐसपैस कापून टाकलं. त्या जागी कारखान्यातून आणलेलं, आगीला दाद न देणारं जाड कापड लावायचं होतं. बोटं गारठून लाकूड झालेली. दाभण दोनदा निसटली. पोर आधी रडत होती, मग गप्प झाली. त्या गप्प होण्याने आत्याचा टाका चुकला.

"बघ गं तिला!"

"पितेय," भाचेसून म्हणाली. आत्याने चुकलेला टाका उसवून पुन्हा घातला.

शिवण संपली, धुराडं बसलं, शेगडी पेटली आणि धुराचा लोट भसकन तंबूत आला. सगळे खोकत बाहेर पळाले. पोरीचे ओठ निळसर दिसू लागले होते.

"झालं समाधान?" भाचा ओरडला.

तेवढ्यात भाचेसून म्हणाली, "आत्याबाई, डोंगराकडून झोत आला की धूर मागे फिरतो. मधेच वारा पडला, तेव्हा नीट जात होता."

आत्याने वर पाहिलं. धुराड्याचं तोंड तंबूच्या माथ्याखालीच होतं. वारा माथ्यावरून घसरून थेट तोंडात शिरत होता.

"जन्म कापडात गेला, माझी नजर वर गेलीच नाही! नळीचा आणखी तुकडा आहे का?"

भाचा कोठाराकडे धावला. तुकडा जोडताना वाऱ्याने धुराडं हिसकलं. आत्या पोतं हाताला गुंडाळून त्याला लटकली आणि भाच्याने तारांनी ते तीन बाजूंनी ताणून बांधलं. आता तोंड माथ्याच्या वर गेलं.

भाच्याने दुसऱ्यांदा शेगडी पेटवली. ज्वाळा थरथरली, आडवी झाली, मग घुर्र आवाज करत वर ओढली गेली. बाहेरून झोत आदळला. धूर आत आला नाही. हवा यावी म्हणून आत्याने पडद्याची खालची कडा मोकळी ठेवली.

पोरीचे ओठ गुलाबी झाले. संध्याकाळपर्यंत भाचेसुनेची डोकेदुखी थांबली. शेगडीत लाकूड सारत भाचा म्हणाला, "बाकीचे गडीही शेगडी मागतायत. परवाच त्यांच्यासाठी अशीच भोकं पाडणार होतो."

ट्रक परतला तेव्हा आत्या त्यात बसली नाही. एकेका तंबूचं छत ती शिवत गेली, आणि धुराडी कुठवर न्यायची ते भाचेसून बाहेर उभी राहून सांगत होती.