स्ट्रॉ काढल्यावर उरली ती बेरी

स्वयंपाकघरात दोन गोष्टी कोणी न आणता साठत जातात: रिकाम्या बरण्या आणि किस्से. बरण्या निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून थोडे इथे काढून ठेवते.

आमचं स्वयंपाकघर तळोद्याला, जीपस्टँडच्या मागच्या गल्लीत. मी बंगळुरूला फूड टेक्नॉलॉजी शिकले, तिथल्याच एका मोठ्या हॉटेलात नोकरीला लागले. एक दिवस तिथे विमानातून आलेल्या स्ट्रॉबेरीची खोकी उघडत होते. फळं दिसायला एकसारखी, वास मात्र पुठ्ठ्याचा! मला एकदम आमच्या सातपुड्यातलं, घाटावरचं मोलगी आठवलं. मोलगीच्या वरच्या पाड्यांवर थंडीत स्ट्रॉबेरी पिकते, आणि टोपली घरात आणली तर मागच्या दारी उभ्या माणसाला कळतं. पण फळ नाजूक. घाट उतरता उतरता निम्मं मऊ पडतं, ते लांबच्या बाजारापर्यंत काय टिकणार? नोकरी सोडून परत आले, कारण ते इथेच खाल्लं गेलं पाहिजे. आपल्या ताटात, गोडात आणि तिखटातसुद्धा! हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मी नुसतं तोंड उघडलं तरी इंदूबाई मिक्सर सुरू करतात.

इंदूबाई माझ्या भागीदार. पक्क्या तळोद्याच्या, आधी खानावळ चालवायच्या. दुसऱ्या भागीदार जेरमीबाई. त्या मोलगीच्या वरच्या पाड्यावरून फळ घेऊन येतात आणि आमच्यासोबत राबतात. फळ त्यांच्याच शेतातलं. त्यांचे नवरे खेमजीदादा यांनी मला हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "ताई, होळीपर्यंत बघतो. आमच्या घरात हे फळ कोणी तोंडात घालत नाही. घरचं माणूस खात नाही ते पीक किती दिवस लावायचं? होळी झाली की रोपं उपटतो आणि पावसाळ्यात मका टाकतो."

रोपं गेली की आमचं स्वयंपाकघर गेलं. इतका साधा मामला!

०००

पाटी रंगवायला दिली होती: ‘ताजी स्ट्रॉबेरी मिळेल’. रंगून आली ती: ‘ताजी बेरी मिळेल’.

"अहो, स्ट्रॉ कुठे गेला?"

पेंटर शांतपणे म्हणाला, "ताई, फळी लहान होती. स्ट्रॉ काढून टाकला. स्ट्रॉ तर ज्यूसवाले तसाच देतात, तो पाटीवर कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक निवृत्त गुरुजी घरची वाटी घेऊन हजर. "बेरी द्या." मी उत्साहाने वाटीभर लालबुंद फळं दिली. गुरुजींनी वाटी परत केली. "ही नव्हे हो. तूप कढवल्यावर तळाशी उरते ती बेरी! साखर घालून खायची. दुकानात मिळते हे आज पहिल्यांदा पाहिलं."

दुपारपर्यंत दारात वाट्यांची रांग! मी प्रत्येकाला फळ दाखवत होते आणि प्रत्येकाचा चेहरा पडत होता. एक आजी तर सरळ भांडायलाच उभ्या राहिल्या. "तूप घरमा ठेवस आन् बेरी इकस का वं?"

इंदूबाईंनी पदर खोचला. "माघारी कोनले धाडानं नही." गल्लीतल्या डेअरीतून लोणी आणवलं, कढवलं, तूप बाजूला काढलं. तळाशी राहिलेल्या खरपूस, दाणेदार बेरीत गूळ टाकला आणि आच बंद करून वरून स्ट्रॉबेरीचे तुकडे. गरम, कुरकुरीत, गोड आणि मध्येच आंबट! बंगळुरूत हा पदार्थ आम्ही पांढऱ्या प्लेटच्या मधोमध चमचाभर वाढून त्याला फ्रेंच नाव दिलं असतं.

गुरुजींनी दोन वाट्या संपवल्या. बाहेर जाऊन पाटीखाली उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे."

०००

तिखटाची सुरुवात ठेच्याने केली. अर्धवट पिकलेली, देठाकडे पांढरी फळं तव्यावर चरचरू द्यायची, सोबत लसूण, शेंगदाणे, हिरवी मिरची, आणि सगळं खलबत्त्यात जाडसर कुटायचं. मी इंदूबाईंना प्रमाण सांगितलं: दहा फळांना एक मिरची. आणि जीपस्टँडवर फळाचं महत्त्व पटवायला गेले.

परत आले तर बबलू जीपवाला भाकरीवर ठेचा घेऊन बसलेला. डोळ्यांतून धार, नाकातून धार, पण हात थांबत नव्हता.

"कशी वाटली स्ट्रॉबेरी?" मी विचारलं.

"एक नंबर, ताई!" तो सूं सूं करत म्हणाला. "फक्त हिचं बी जरा तिखट असतं, नाही का?"

मी खलबत्त्यात बघितलं. दहा मिरच्यांना एक फळ! इंदूबाईंना जाब विचारला, तर त्या कपाळाला आठी न घालता म्हणाल्या, "नंदुरबार जिल्हा शे हाऊ. आठे मिरचीमा फळ टाकतस, फळमा मिरची नही."

आता ते प्रमाण पाच-पाचवर आलं आहे. वाटाघाटी चालू आहेत.

०००

एकदा जेरमीबाई फळांची दोन खोकी एकावर एक ठेवून जीपने खाली येत होत्या. जीप आमच्याकडे भरते तशी भरली होती. मध्ये कुठेतरी एक आबा चढले, पांढरंशुभ्र धोतर, निघाले होते लग्नाला. बसायला जागा नाही. समोर खोकं दिसलं. बसले.

घाटाने आपलं काम चोख केलं.

तळोद्याला आबा जीपमधून उतरले आणि अख्खा स्टँड त्यांच्या मागे धावला. कोणी म्हणे झोपवा, कोणी म्हणे पाणी पाजू नका, एकाने तर रिक्षाच समोर आणून उभी केली. आबा गोल गोल फिरत ओरडत होते, "मला काही झालेलं नाही!" ते जितके फिरत होते तितका लोकांचा संशय वाढत होता.

जेरमीबाईंनी त्यांना हाताला धरून आमच्याकडे आणलं. धोतर भिजवलं, आबांना माझं टेबलक्लॉथ गुंडाळून बसवलं. वरचं खोकं गेलंच होतं. खालच्या खोक्यातली फळं स्वच्छ होती, फक्त पार चेपली होती. इंदूबाईंनी त्यांचा रस गाळला, चुलीवर ठेवला, तुपात जिरं-हिंगाची फोडणी, कढीपत्ता, मीठ, गुळाचा खडा. सार झालं! रंग असा की आमसुलाने लाजावं.

आबा तीन वाट्या प्यायले. धोतराचं दुःख विसरले. मिशा पुसत म्हणाले, "म्हणजे बघा, या सारात माझापण हात आहे!"

इंदूबाई मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "हात नही आबा, हात नही!"

०००

आमच्या गाळ्याचे मालक शेठजी. पुढच्या बाजूला त्यांचं चांदीचं दुकान, कडी-तोडे-पैंजणांचं. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन, खाण्यापिण्याचे नियम कडक. कांदा-लसूण नाही हे मला माहीत होतं, म्हणून त्यांच्यासाठी खास कोशिंबीर केली: घट्ट दही, स्ट्रॉबेरी, काकडी, भाजलेलं जिरं, सैंधव.

शेठजींनी वाटी जवळ घेतली. "बेटा, हे बहुबीज तर नाही? पुष्कळ बिया पोटात असलेलं फळ आमच्यात चालत नाही."

"शेठजी, हिच्या पोटात बी नाहीच! सगळं बी बाहेर!"

शेठजी विचारात पडले. नियम पोटातल्या बियांचा होता. अंगावरच्या बियांबद्दल वडील काही सांगून गेले नव्हते. त्यांनी दागिने तपासायचं भिंग डोळ्याला लावलं, फळ दिव्याखाली धरलं, उभं चिरलं, आडवं चिरलं. "आत काही नाही," त्यांनी निकाल दिला. "पण बाहेर आहे ते आहेच."

मग त्यांनी बारीक चिमटा काढला. पैंजण घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बाकावर बसलेलं, आणि शेठजी स्ट्रॉबेरीच्या अंगावरचं एकेक बी उपटून ताटलीत ठेवत होते! चहा आला, गार झाला, दुसरा आला. गिऱ्हाईकही आता पैंजण विसरून मान पुढे काढून बघत होतं. "शेठ, तिथे एक राहिलं."

शेवटी ते सोललेलं फळ शेठजींनी दह्यात बुडवून तोंडात टाकलं. डोळे मिटले.

"माल चोख आहे, बेटा," ते म्हणाले. "पण घडणावळ फार पडते!"

०००

इतकं सगळं तळोदा जेवत होतं आणि खेमजीदादा मात्र काही खात नव्हते. मी जेरमीबाईंबरोबर डबे पाठवायचे. मुरंबा पाठवला, नागलीचा केक पाठवला, ठेचा पाठवला, सार पाठवलं. डबे धुऊन परत यायचे. मला वाटलं, जिंकलो! मग एकदा स्वतः वर गेले तर अंगणवाडीच्या ताई रस्त्यातच भेटल्या. "परवाचा केक मस्त होता हं!"

खेमजीदादांना गाठलं. "दादा, आवडलं नाही का?"

"चांगलं होतं."

"खाल्लंच नाही तर चांगलं कसं?"

"वास चांगला होता."

माझा धीर सुटला. होळी तोंडावर आलेली. "दादा, गोड नको, तिखट नको. तुम्हाला हवं तरी काय?"

"मला काय विचारता? माझ्या आधी जुन्यांनी खाल्लं पाहिजे."

मी जेरमीबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "यांचा बाप, यांचा आजा. गेले ते. नवं पीक आधी त्यांना द्यायचं, मग आपण."

"मग दिलं का नाही इतके दिवस?"

"कसं देणार?" खेमजीदादा म्हणाले. "ज्वारी ते ओळखतात, मोराची भगर ओळखतात, उडीद ओळखतात. हे लाल काय आणलं म्हणून विचारलं तर मी काय सांगू?"

"ओळखीच्या जेवणात घालून देऊ!" मी म्हणाले. त्यावर खेमजीदादांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

खाली येऊन इंदूबाईंना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या एकदम धंद्याच्या आवाजात म्हणाल्या, "पहिले इचार, जेवणार काय खातस?"

चौकशी केली. बाप गोडाला शिवत नसे, जेवताना घाई फार. आजाला दात नव्हते आणि तिखट चालत नव्हतं. हॉटेलात मी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं सांभाळली, पण असं अवघड टेबल कधी मिळालं नव्हतं!

०००

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही वर गेलो. जेरमीबाईंच्या चुलीवर बापासाठी उडदाची डाळ केली, कच्च्या स्ट्रॉबेरीचा आंबटपणा, वर लाल मिरचीची फोडणी. आजासाठी मोराच्या तांदळाची मऊ खीर, गूळ आणि पिकलेल्या फळाचा गर. इंदूबाईंनी दोन्ही पुन्हा पुन्हा चाखलं.

पळसाच्या पानांचे दोन द्रोण शेताच्या बांधावर ठेवले. खेमजीदादांनी मोहाच्या दारूची धार सोडली, त्यांच्या बोलीत काही बोलले आणि मागे सरकून उभे राहिले. मागे स्ट्रॉबेरीचे वाफे. शेजारी कुदळ टेकवून ठेवलेली. ती मी बघायचं टाळत होते.

बराच वेळ काही झालं नाही. मग पलीकडच्या बांधावरून एक म्हातारा बोकड आला. पांढरी दाढी, एक शिंग मोडकं.

इंदूबाई पुटपुटल्या, "हाकली द्या त्याले!" त्या दगड उचलणार तेवढ्यात खेमजीदादांनी हात आडवा केला.

बोकडाने खिरीचा वास घेतला. जोरात फुरफुरला आणि तोंड फिरवलं. मग डाळीकडे वळला. मान खाली घातली ती वर केलीच नाही. भराभरा, भराभरा! डाळ संपली तसा द्रोणही खाल्ला. शेवटी मान वर करून, लाल झालेल्या दाढीने, चघळत चघळत त्याने जेरमीबाईंकडे रोखून पाहिलं.

जेरमीबाईंनी हळूच डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि त्या खाली बघत बाजूला झाल्या.

मीच हळू आवाजात विचारलं, "आणि खीर?"

"आजा मागाहून जेवायचा," खेमजीदादा म्हणाले. वाकून त्यांनी वाफ्यातलं एक फळ तोडलं, तोंडात टाकलं, आणि रोपांना पाणी सोडायला गेले.